हिशेब कोण मागणार?

महाराष्ट्रातल्या कोणत्याही दुय्यम निबंधक कार्यालयात एखादा मुखत्यार दुसऱ्याच्या वतीने खरेदीखत नोंदवायला आला, की त्याच्याकडून एक घोषणापत्र भरून घेतात. मजकूर ठरलेला असतो. फक्त नावे, तारखा आणि दस्ताचा तपशील घालायचा. ज्याने मला कुलमुखत्यारपत्र दिले त्याने ते रद्द केलेले नाही, तो मयत झालेला नाही आणि अन्य कोणत्याही कारणाने ते रद्दबातल ठरलेले नाही, असे मुखत्यार लिहून देतो. खोटे निघाले तर नोंदणी अधिनियमाच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा. मजकुरात खोट काढायला तशी जागा नाही. पण हे सगळे विचारले जाते ते मुखत्यारालाच. आणि म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्या 'अन्य कारणां'मध्ये जाऊन बसली आहे. ती त्या टेबलापाशी कोणी कोणाला समजावून सांगत नाही.

ते कारण भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ मध्ये आहे. मुखत्यारपत्र देणारा मरण पावला किंवा त्याचे मन ठिकाणावर राहिले नाही, की मुखत्याराचे अधिकार संपतात. आता एखाद्या आजींचा विचार करा. पंचाहत्तरीत, सगळे नीट कळत असताना, त्यांनी मुलाला मुखत्यारपत्र करून दिले. पुढे-मागे आपल्याला जमेनासे झाले तर सोय असावी म्हणून. ऐंशीच्या आसपास त्यांना अल्झायमर झाला. ज्या दिवसासाठी कागद करून ठेवला तो दिवस उजाडला, आणि कायद्याने तो कागद नेमका त्याच दिवशी निकामी झाला. फक्त तो दिवस कोणता, हे कोणी नोंदवत नाही. स्मृतिभ्रंश काही तारीख सांगून येत नाही. आज नातवाचे नाव आठवत नाही, उद्या आठवते. चेकवर सही जमते, पण चेक कशाचा हे सांगता येत नाही. अशा स्थितीत दोन-तीन वर्षे जातात आणि त्या काळात मुखत्यारपत्र कायद्याने जिवंत की मेलेले, हे खुद्द वकीलही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

याचा परिणाम विचित्र होतो. कायदा वाचणारा, सचोटीने वागणारा मुलगा थांबतो. ज्याला कायद्याशी देणेघेणे नाही तो थांबत नाही. त्याच्या हातातल्या कागदावर शिक्के तेच, सही तीच, आणि आईच्या मनाची अवस्था त्या कागदावर उमटत नाही. वृद्धांच्या संरक्षणाची चर्चा आपल्याकडे बहुधा दुसऱ्या मुलापासून सुरू होते आणि त्याच्यापाशीच संपते. मला वाटते, पहिल्या मुलाची अडचण सोडवल्याखेरीज दुसऱ्याला आवर घालता येणार नाही.

मुळात हा कायदा म्हाताऱ्या माणसांसाठी झालेलाच नाही. करार कायदा १८७२ चा, मुखत्यारपत्रांचा कायदा १८८२ चा. त्या काळी मुखत्यार लागायचा तो पेढ्यांना, परगावी किंवा विलायतेला गेलेल्या मालकांना, कोर्टकचेरी सांभाळणाऱ्या जमीनदारांना. मालक शहाणासुरता आहे, फक्त जागेवर नाही, हे त्यात गृहीत आहे. मुखत्यार म्हणजे मालकाचाच लांबवलेला हात. मालकालाच जे करता येत नाही ते हाताला कसे करता येईल, असा त्यामागचा सरळ तर्क. १८८२ च्या कायद्यातली कलमे बोटांवर मोजता येतील इतकीच आहेत. त्यातले तिसरे वाचण्यासारखे आहे. देणारा मेला, त्याचे मन बिघडले किंवा त्याने अधिकार काढून घेतले, आणि हे ठाऊक नसताना कोणी सद्भावनेने मुखत्यारपत्रानुसार काही केले, तर त्याच्यावर जबाबदारी येत नाही. व्यापाराच्या दृष्टीने हे रास्तच होते. तारायंत्राच्या काळात मालक मेल्याची बातमी पोचेपर्यंत सौदे अडून कसे चालतील? पण एकाच घरात राहणाऱ्या आई-मुलाला हाच नियम लावला, की 'मला ठाऊक नव्हते' म्हणायची सोय तेवढी उरते.

आकडे थोडक्यात सांगतो. २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसे १० कोटींहून अधिक होती. गोव्यात त्यांचे प्रमाण ११ टक्क्यांच्या वर, महाराष्ट्रात १० टक्क्यांच्या जवळ. देशातल्या वृद्धांच्या मोठ्या पाहणीला जोडून झालेला स्मृतिभ्रंशाचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. साठीपुढच्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा त्याचा अंदाज आहे. यांतल्या बऱ्याच जणांच्या नावावर एखादा फ्लॅट, थोडी शेती, बँकेतल्या मुदत ठेवी असणार.

सरळ मार्गाने जाणाऱ्यांचे काय होते ते आधी पाहू. नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आला, तो कोमात गेला. फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर, ठेवीही त्याच्याच. रुग्णालयाचे बिल रोज वाढते आहे. बायकोने ठेव मोडायला बँकेत जावे, तर बँक सही मागते. नुसती सही करता येत नसेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे साक्षीदारांसमोर हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो. शुद्धच नसेल तर काय? अज्ञान मुलांच्या पालकत्वासाठी १८९० चा कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाचे एक कलम आहे. कोमातला साठीचा माणूस यांतल्या कुठल्याच चौकटीत नीट बसत नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात निदान जिल्हा न्यायालयाकडून चौकशी करून मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायची तरतूद होती. त्याच्या जागी २०१७ चा कायदा आला, मे २०१८ पासून तो लागू झाला, आणि रुग्णाचे हक्क सांगणाऱ्या या अधिक चांगल्या कायद्यात मालमत्तेचे ते प्रकरण गळाले. उपचारांसाठी आपला प्रतिनिधी आधीच नेमून ठेवता येतो. घरभाडे वसूल करण्यासाठी नाही.

म्हणून ही बायको थेट उच्च न्यायालयात जाते, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोमातल्या रुग्णांसाठी पालक नेमण्याची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. मुंबई उच्च न्यायालयानेही अशा याचिकांवर बायकोला, मुलाला, मुलीला पालक म्हणून मान्यता दिली आहे. न्यायालय वैद्यकीय अहवाल मागवते, इतर वारसांचे म्हणणे विचारते. केरळच्या तत्त्वांत पालकाने वेळोवेळी हिशेब सादर करायची अट आहे. म्हणजे जो कोर्टाची पायरी चढला त्याने हिशेब द्यायचा; आणि ज्याच्या खिशात जुने मुखत्यारपत्र आहे त्याला कोणी काही विचारत नाही.

आता दुसरी बाजू. फसवणूक होते ती बहुतेक वेळा कागद खोटा करून नव्हे, खऱ्याच कागदाने होते. कोर्टाबाहेरच्या टंकलेखकाकडे कुलमुखत्यारपत्राचा एकच नमुना असतो आणि तो सगळ्यांना चालतो: विकणे, गहाण टाकणे, भाड्याने देणे, बक्षीस देणे, खाते चालवणे, दावे लावणे, तडजोड करणे आणि वरील सर्व कामांना अनुषंगून जे जे करावे लागेल ते ते. लाइटबिल भरायला आणि पेन्शन आणायला मुलाला एक कागद हवा होता. आजोबांनी सही केली ती राहते घर विकण्याच्या अधिकारावर. माणूस आजारी असेल तर निबंधक घरी किंवा रुग्णालयातही येऊ शकतो. ती सोय चांगलीच आहे. पण तिथे पाहायचे काय, तर माणूस तोच आहे का आणि सही माझीच असे तो म्हणतो का. वेडसर 'दिसला' तर नोंदणी नाकारावी, असे नोंदणी अधिनियमाचे कलम ३५ सांगते. सुरुवातीच्या स्मृतिभ्रंशाचा रुग्ण मात्र पाहुण्यासमोर तासभर अगदी व्यवस्थित बोलतो, चहा घ्या म्हणतो, हसतो. घरातल्यांना हे पुरते ठाऊक असते. निबंधकाला कसे कळावे?

पुढे काय होते ते निरनिराळे. कधी फ्लॅट विकला जातो आणि पैसे मुखत्याराच्या खात्यात जातात. कधी कर्जाला तारण म्हणून घर जाते. कधी मुखत्यार स्वतःच्या बायकोच्या नावे बक्षीसपत्र करतो.

याविरुद्ध कायदा नाही असे नाही. १८७२ च्या त्याच करार कायद्यात वाचून थक्क व्हावे अशी कलमे आहेत. कलम २१५: मुखत्याराने मालकाच्या संमतीवाचून स्वतःशीच व्यवहार केला तर मालक तो नाकारू शकतो. कलम १६: वयामुळे किंवा आजारामुळे ज्याचे मन दुबळे झाले आहे अशाशी केलेल्या करारात गैरवाजवी दडपण मानता येते. आणि कलम २१३: मालकाने मागितल्यावर मुखत्याराने चोख हिशेब दिला पाहिजे. सगळी गोम या शेवटच्या कलमात आहे. हिशेब मागायचा मालकाने. पण मालकालाच आता तारीख-वार सांगता येत नाही. मुलगी शंका घेते, पण वडील हयात असताना ती कायद्याने त्रयस्थ. वारसाहक्क त्यांच्या मृत्यूनंतर. शेजारी, डॉक्टर, बँकेचा कारकून यांना दिसत असते. विचारायचा अधिकार यांतल्या कोणालाच नाही.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याकडे लोक मोठ्या आशेने पाहतात. त्याचे कलम २३ सांगते, की सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण रद्द करता येईल. ती अट स्पष्टपणे लिहिलेली लागते का, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये कडक भूमिका घेतली आणि जानेवारी २०२५ मध्ये कायद्याचा हेतू पाहून उदार अर्थ लावायला हवा असे सांगितले. पण हे सारे स्वतः दिलेल्या मालमत्तेबद्दल. मुखत्याराने बाहेरच्याला रीतसर किंमत घेऊन घर विकले आणि किंमत गिळली, तर कलम २३ त्या व्यवहाराला सहजासहजी लागू पडत नाही.

मुखत्यारपत्रावरचा आपल्याकडचा सगळ्यात गाजलेला निकाल ऑक्टोबर २०११ चा, सूरज लॅम्प प्रकरणातला. मुखत्यारपत्रावर घर 'विकायची' जी रीत दिल्ली-हरियाणात बोकाळली होती, तिने मालकी मिळत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ठणकावले. रोख होता मुद्रांक शुल्क चुकवणाऱ्यांवर आणि काळ्या पैशावर. पण त्याच निकालात न्यायालयाने एक दिलासा दिला: नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण किंवा नातलगाला कारभारासाठी दिलेल्या खऱ्याखुऱ्या मुखत्यारपत्रांना याची झळ लागणार नाही. महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्याचाही कल तसाच. मालमत्ता विकायचा अधिकार मोबदल्याशिवाय परक्याला दिला तर खरेदीखताइतके शुल्क, जवळच्या नातलगाला दिला तर नाममात्र. कायद्याला भीती परक्याची. इथे ज्याच्याबद्दल बोलतो आहोत तो मात्र बहुतेक वेळा कुटुंबाच्या शिधापत्रिकेवरच असतो.

परदेशांत हा पेच आधी आला, कारण तिथली माणसे आधी म्हातारी झाली. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने १९५० च्या दशकातच मन गेल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र मान्य केले आणि हळूहळू सर्व राज्ये त्या वाटेने गेली. इंग्लंडने १९८५ च्या कायद्याने तसेच केले. सचोटीच्या मुलाचा प्रश्न सुटला. पण अधिकार टिकाऊ झाला म्हणजे गैरवापरही टिकाऊ झाला. न्यूयॉर्कच्या ब्रूक ॲस्टर या दानशूर, अतिश्रीमंत बाईंचे प्रकरण जगभर गाजले. त्यांना अल्झायमर होता आणि कारभार एकुलत्या एका मुलाच्या, अँथनी मार्शलच्या हाती होता. २००६ मध्ये नातवाने स्वतःच्या वडिलांविरुद्ध कोर्टात धाव घेतली. बाई २००७ मध्ये १०५ व्या वर्षी गेल्या. २००९ मध्ये मुलगा दोषी ठरला. आईच्या पैशांची व्यवस्था पाहण्याबद्दल त्याने स्वतःलाच मागील तारखेपासून सुमारे दहा लाख डॉलरची पगारवाढ घेतली होती, हा त्यातला सगळ्यात गंभीर आरोप. शिक्षा भोगायला तो तुरुंगात गेला तेव्हा स्वतः ऐंशीच्या घरात होता. इथे लक्षात ठेवायचे ते एवढेच, की नातवाला कोर्टात उभे राहता आले.

न्यूयॉर्क राज्याने २००९ मध्येच मुखत्यारपत्राचे नियम कडक केले. मोठ्या बक्षिसांसाठी वेगळी पुरवणी, तिच्यावर वेगळ्या सह्या, वेगळे साक्षीदार, ठरलेला मजकूर. झाले असे, की प्रामाणिक माणसांचे कागदही एखादा शब्द चुकला म्हणून बँका परत करू लागल्या. २०२१ मध्ये ती पुरवणी काढून टाकावी लागली. दाराशी कुलपे वाढवली की चोराआधी घरचेच अडकतात. याउलट २००६ च्या एकरूप मुखत्यारपत्र कायद्याने, ज्याचा नमुना निम्म्याहून अधिक अमेरिकी राज्यांनी उचलला, दोन साध्या गोष्टी केल्या. बक्षीस देणे, वारस-लाभार्थी बदलणे असे धोक्याचे अधिकार 'सर्व अधिकार' म्हटल्याने मिळत नाहीत. ते नाव घेऊन द्यावे लागतात. आणि मुखत्याराच्या वागण्याची तपासणी करा असा अर्ज जोडीदार, मुले, एवढेच नव्हे तर त्या व्यक्तीच्या हिताची खरी आस्था दाखवू शकणारा कोणीही करू शकतो. वृद्धांच्या संरक्षणासाठी नेमलेली सरकारी यंत्रणा थेट हिशेब मागू शकते. कलम २१३ मध्ये आपल्याकडे जी जागा रिकामी राहिली, ती तिथे अशी भरली.

इंग्लंडने २००७ पासून नवी पद्धत आणली. मुखत्यारपत्र करताना एका स्वतंत्र व्यक्तीने दाखला द्यायचा, की देणाऱ्याला सगळे समजते आहे आणि कोणी दडपण आणलेले नाही. कागद सार्वजनिक पालक कार्यालयात नोंदवल्याशिवाय वापरताच येत नाही. सणावाराला, वाढदिवसाला ऐपतीप्रमाणे द्यायच्या भेटी आणि देणग्या सोडल्या तर मुखत्याराला मालकाच्या पैशातून बक्षिसे देता येत नाहीत. हे वाचून वाटते, यापेक्षा आणखी काय हवे? पण वीसेक वर्षे त्या विषयाच्या न्यायालयाचे ज्येष्ठ न्यायाधीश असलेले डेन्झिल लश निवृत्तीनंतर २०१७ मध्ये जाहीरपणे म्हणाले, की मी स्वतः असे मुखत्यारपत्र कधीच करणार नाही. त्यांनी हजारो प्रकरणे निकाली काढली होती. त्यांचे म्हणणे असे, की कोर्टाने नेमलेला कारभारी दरवर्षी हिशेब देतो आणि हमीही भरतो. मुखत्यार यातले काहीच करत नाही, तक्रार आली तरच चौकशी. त्यांच्यावर टीकाही झाली. कोर्टाचा कारभारी महाग, वेळखाऊ, आणि आपल्या विश्वासातला माणूस निवडायचा हक्क त्यात जातो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तरी हिशेबाबद्दल मला लश यांचे पटते.

जपानने २००० साली वेगळा तोडगा काढला. पुढे आपला कारभार कोण पाहील ते माणूस शाबूत असताना सरकारी नोटरीसमोर करार करून ठरवतो. पण तो करार अमलात येतो तो कौटुंबिक न्यायालयाने एक देखरेख करणारा नेमल्यावरच. मुखत्यार आपला, वर पाहणारा कोर्टाचा. रचना मला सर्वांत नेटकी वाटते. अडचण एवढीच, की देखरेख करणाऱ्याचे शुल्क दरमहा त्याच म्हाताऱ्याच्या पैशातून जाते, आणि म्हणून या वाटेला थोडेच लोक जातात.

आपल्याकडे बदल करायचा तर मन गेल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र आधी कायद्यात आणावे लागेल. कलम २०१ ला तेवढा अपवाद. त्याशिवाय बाकीची सगळी डागडुजी व्यर्थ आहे, कारण जो कागद कायद्याने अस्तित्वातच नाही त्यावर देखरेख कसली करणार? मग राहते घर विकणे आणि स्वतःच्या कुटुंबाला काही देणे, हे अधिकार वेगळे लिहून घ्यावेत. आणि मुखत्यारपत्रातच एका तिसऱ्या माणसाचे नाव असावे, ज्याला मुखत्याराने वर्षातून एकदा हिशेब दाखवायचा: दुसरे अपत्य, धाकटा भाऊ, जुना मित्र, कोणीही. पुण्या-ठाण्यातल्या कितीतरी घरांत मुले न्यू जर्सीत किंवा सिडनीत आणि मुखत्यारपत्र इथल्या भाच्याकडे, अशी विभागणी आहे. तिथे हा तिसरा माणूस परदेशातली मुलगी असू शकते. या तिसऱ्याने तक्रार केली तर ऐकणारी जागा जवळ हवी. २००७ च्या कायद्याखालचे न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्याकडे, तालुक्याच्या आवाक्यात आहे. उच्च न्यायालय नाही. रद्द झालेल्या मुखत्यारपत्रांची नोंदही कुठेतरी एका ठिकाणी दिसली पाहिजे. सध्या म्हातारा माणूस वर्तमानपत्रात 'जाहीर नोटीस' देतो आणि खरेदीदाराने ती वाचली असेल अशी आशा करतो.

यात सरकारी अतिउत्साहाचीही भीती आहे. साठी उलटली की डॉक्टरांचा दाखला आणा, असा सरसकट नियम निघायला वेळ लागणार नाही. म्हातारपण म्हणजे अज्ञानपण नव्हे. इंग्लंडच्या कायद्याने सुरुवातीलाच म्हटले आहे, की निर्णय शहाणपणाचा नाही एवढ्यावरून माणसाला निर्णयक्षमता नाही असे मानू नये. आजोबांना पुतण्याच्या नावे शेत करायचे असेल आणि मुलांना ते आवडत नसेल, तर नसो. शेत आजोबांचे आहे. गोव्यात नागरी कायद्याने मालमत्तेचा अर्धा हिस्सा मुलांसाठी राखून ठेवलेला असतो, त्यामुळे तिथे या भांडणाला निदान एक मर्यादा आहे. महाराष्ट्रात स्वकष्टार्जित मिळकतीवर अशी मर्यादा नाही, आणि ती असावी असे मी म्हणणार नाही.

कायदा बदलेपर्यंत करण्यासारखे थोडेच आहे. कुलमुखत्यारपत्राऐवजी विशिष्ट कामापुरते मुखत्यारपत्र करावे, दोघांना मिळून करावे, मुदत घालावी. 'रद्द न करता येणारे' असा शब्द कोणी घालत असेल तर थांबावे. मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मालमत्तेत नसेल तर तो शब्द कायद्याने फारसा टिकत नाही, पण म्हाताऱ्याला घाबरवायला पुरतो. मालमत्ता हस्तांतराच्या अशा रद्द न करता येणाऱ्या मुखत्यारपत्राची नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची आहे, म्हणजे निदान त्याचा माग तरी लागतो.

मन गेल्यावरही चालू राहील आणि ज्यात हिशेब ठेवणे कायद्यानेच बंधनकारक आहे, अशी एक सोय आपल्याकडे आजही आहे, तीही १८८२ सालच्याच दुसऱ्या एका कायद्याची: खासगी विश्वस्तनिधी. न्यासाचा कायदा त्या वर्षी दुसरा झाला, मुखत्यारपत्रांचा सातवा. विश्वस्ताला हिशेब ठेवावाच लागतो, चुकला तर कोर्ट त्याला काढू शकते, आणि न्यास करणाऱ्याची स्मृती गेली म्हणून न्यास संपत नाही. मुंबईतली श्रीमंत घराणी ही वाट वर्षानुवर्षे वापरतात. घर विश्वस्तांच्या नावे करताना मुद्रांक शुल्क, दस्त करणाऱ्या वकिलाची फी, दरसालचे विवरणपत्र, लेखापालाचा खर्च, हे सगळे धरले तर डोंबिवलीतला एक फ्लॅट आणि पेन्शन एवढीच मिळकत असलेल्या विधवेला ती परवडत नाही. तिच्याकडे टंकलेखकाचा तो एक नमुनाच राहतो.